सुई उचलण्याचं शास्त्र

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जुन्या तबकडीवर गाणाऱ्याचं नाव नसलं, तर ते मी सांगतो! नुसत्या श्वासावरून! उगाच नाही घरात मला ‘कानसेन’ म्हणत. बायको जरा वेगळ्या सुरात म्हणते, पण म्हणते.

माझ्या या विद्येचा एक नियम आहे. गाणं संपलं रे संपलं की सुई उचलायची! पुढे नुसती खरखर असते, सुई फुकट झिजते. तीस वर्षांत हा नियम मी एकदाही मोडलेला नव्हता.

तर झालं असं, की भंगारवाल्याकडे मला एक तबकडी मिळाली. वर फक्त ‘स्त्रीगायन’, नाव नाही. घरी आणली, ग्रामोफोनला चावी दिली आणि पहिल्याच तानेला ताडकन उठलो. ही तर माझी आजी!

आता आजीला मी काही पाहिलेलं नव्हतं. आत्यालाही ती आठवत नव्हती. आत्या दोन वर्षांची असतानाच आजी गेली. पण आजी एकदा रेकॉर्ड कंपनीत गायला गेली होती आणि घराण्याची अब्रू म्हणून नाव छापू दिलं नव्हतं, असं आजोबा सांगायचे. आत्या आता चौऱ्याऐंशीची. “आईचा आवाज एकदा कानावर पडू दे, मग मी जायला मोकळी,” हे तिचं येताजाता चालूच असायचं.

“आत्या, सापडली!” मी फोनवर ओरडलो.

“कशावरून?”

“श्वासावरून! तू मला झापताना मध्येच नाकाने श्वास घेतेस ना? डिट्टो तसाच!”

“नक्की ना रे? या वयात फसवू नकोस हं मला.”

“अगं, कान कुणाचे आहेत!”

बायको म्हणाली, “अहो, तुम्ही सुई उचलता ना, तेव्हा कुणीतरी बोलायला लागल्यासारखं वाटतं. एकदा शेवटपर्यंत ऐका तरी.”

“खरखर आहे ती! तुला त्यातलं काय कळतं?”

रविवारी सगळा गोतावळा जमवला. बावीस माणसं, शिवाय वर्तमानपत्राचा एक वार्ताहर. आत्या तासभर आधीच येऊन बसली. “मी काही आईवर गेले नाही,” ती म्हणाली. “बाबा सांगायचे, ती स्वतःच्या लग्नालाही उशिरा पोचली होती.”

तबकडी लावली. आत्या कर्ण्याला कान लावून बसली. “आई...” एवढंच म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. सगळी खोली मुसमुसायला लागली. मलाही माझं फार कौतुक वाटलं! गाणं संपलं, टाळ्या पडल्या आणि मी माझ्या तपश्चर्येविषयी दोन शब्द बोलायला उभा राहिलो.

सुई तशीच राहिली.

कर्ण्यातून कुणीतरी खाकरलं. मग खणखणीत पुरुषी आवाज आला, “गायन समाप्त! ठरलेल्या बाई वेळेवर आल्या नाहीत, सबब कंपनीच्या दरवानाने बाईच्या आवाजात गायलं आहे!”

बायको छताकडे बघत होती. वार्ताहराने हळूच विचारलं, “मग मथळा काय देऊ?”

आत्याने चेहरा पदरात लपवला होता, खांदे गदगदत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “आत्या, चुकलो गं. माफ कर.”

तिने पदर काढला. ती हसत होती! हसून हसून डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“अरे गाढवा, चुकलास कुठे? बाई वेळेवर आल्या नाहीत! आईच ही, दुसरी कोण असणार! आणि बाबा जन्मभर सांगत राहिले, गायली म्हणून! लाव, पुन्हा लाव. गाणं नको मेलं, ते शेवटचं तेवढं लाव.”

सात वेळा लावलं. सुई साफ झिजली.

तबकडीवर आता माझ्या अक्षरात चिठ्ठी आहे: ‘गायक: दरवान. न आलेल्या बाई: माझी आजी.’

आणि हो, कपाटातल्या बाकीच्या तबकड्याही शेवटपर्यंत ऐकायला घेतल्यात. सतरा जणांनी गाणं संपल्यावर आपापली नावं स्वतःच सांगितली. या सतराही जणांची ओळख मी लेख लिहून कधीच पटवून दिली होती. त्यातलं एक नाव जुळलं.

म्हणजे, आडनाव.