फोटोत आहे तसंच

"घराची काळजी माझ्यावर सोडा," असं गार्नेट हिमलमनने कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या विमानतळावर लेकीला आणि जावयाला ठणकावून सांगितलं, तेव्हा त्याच्या बायकोने, व्हर्नाने, डोळे मिटून घेतले. हे वाक्य तिने आयुष्यात बऱ्याचदा ऐकलं होतं. एकदा त्यानंतर तळघरात कमरेइतकं पाणी साचलं होतं आणि एकदा अग्निशामक दलाची गाडी आली होती.

लेक शॉना आणि जावई ट्रेव्हर कोलंबियाला निघाले होते. तिथे डोंगरातल्या पास्तो नावाच्या शहरात, एका बालगृहात, यिसेल नावाची सहा वर्षांची मुलगी त्यांची वाट बघत होती. दत्तकाचे कागद तीन वर्षं रांगत रांगत आता कुठे पायावर उभे राहिले होते. तिथल्या कोर्टाचा हुकूम हातात पडेपर्यंत महिनाभर तरी मुक्काम पडणार होता. मग तिघांनी मिळून घरी यायचं. घर म्हणजे आमच्या रोझ कोव्ह गावातलं, खाडीच्या अगदी काठावरचं. खाली म्हातारा-म्हातारी, वर लेक-जावई.

गार्नेटला खरं म्हणजे काही करायचंच नव्हतं. नुसतं बसून वाट बघायची. पण जन्मभर लॉबस्टर पकडलेल्या आणि गुडघा बदलून सक्तीने निवृत्त झालेल्या माणसाला नुसतं बस म्हणणं म्हणजे समुद्राला जरा गप्प राहा म्हणण्यासारखं आहे.

दहाएक दिवसांनी शॉनाचा व्हिडिओवर फोन आला. गार्नेट फोन नेहमी असा धरायचा की समोरच्याला त्याचं कपाळ आणि स्वयंपाकघराचं छत एवढंच दिसे. त्या दिवशी ते त्याच्या पथ्यावर पडलं.

"बाबा, ही बघा यिसेल," शॉना म्हणाली.

पडद्यावर दोन वेण्या आणि दोन गंभीर डोळे आले. छातीशी एक अल्बम घट्ट धरलेला होता. दत्तक घेणाऱ्यांनी आपल्या घराचा, माणसांचा असा अल्बम मुलाकडे आधी पाठवायचा असतो, म्हणजे सगळं ओळखीचं होतं. शॉनाने तो तीन वर्षांपूर्वी, पहिल्या उत्साहाच्या भरात करून ठेवला होता आणि मुलगी ठरल्याबरोबर तोच पाठवून दिला होता.

"तिला तोंडपाठ आहे सगळा," शॉना सांगत होती. "उशाशी घेऊन झोपते. बाबा, हिला आजवर तीन घरं बदलावी लागली. दर वेळी सांगितलं एक आणि निघालं भलतंच. आता विचारतेय, आपलं घर फोटोत आहे तसंच आहे ना? मी तिला हळूहळू सांगणारच आहे की—"

"अगदी तसंच आहे," गार्नेटचं कपाळ म्हणालं. "तसूभर फरक नाही. सांग तिला."

शॉना क्षणभर त्या कपाळाकडे बघत राहिली. मग तेवढ्यात आवाज तुटायला लागला, आणि यिसेलच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललेलं गार्नेटला दिसलं. फोन बंद झाला.

"तसूभर फरक नाही?" व्हर्नाने चहाचा कप खाली ठेवला. "घर पिवळं होतं, ते आपण गेल्या उन्हाळ्यात लाल केलं. आपला कुत्रा, बिस्किट, गेला. बोट तू लॉर्नला विकलीस, त्याने ती हिरवी केली. तुझी ती झुपकेदार मिशी माशाच्या सुपात बुडायची म्हणून मी काढायला लावली. आणि माझे केस तेव्हा काळे होते. मग राहिलं काय तसंच?"

"खाडी," गार्नेट म्हणाला.

"तिला फोन करून खरं सांग."

"तू बघितलंस ना तिचं तोंड? चौथ्यांदा तिच्याशी कुणी खोटं बोललं असं मी होऊ देणार नाही."

"अरे, पण चौथ्यांदा खोटं बोललास तो तूच."

"म्हणून तर ते खरं करून दाखवायचं," असं म्हणून गार्नेट उठला आणि कोट चढवून थेट शेजारी लॉर्न झ्विकरच्या दारात जाऊन उभा राहिला. लॉर्नकडे ॲडमिरल नावाचा धिप्पाड काळा कुत्रा होता. गेलेल्या बिस्किटसारखाच होता, फक्त एक पाय पांढरा.

"लॉर्न, तुझा कुत्रा हवा होता जरा."

"जरा म्हणजे किती दिवस?"

हा विचार गार्नेटने केलाच नव्हता. "बघू," तो म्हणाला. "आणि बोट माझ्या धक्क्याला आणून बांध. आमच्या खिडकीच्या बाजूने तेवढी पांढरी रंगवू."

"गार्नेट, गुडघा बदलला तेव्हा डॉक्टरांनी आणखी काही काढून घेतलं का रे?"

गार्नेटने सगळं सांगितलं. लॉर्नने विचारलं, "केवढी आहे?"

"सहा वर्षांची."

"ने कुत्रा. बायको तेवढी राहू दे."

झालं. दुसऱ्या दिवसापासून रोझ कोव्हला दुसरा उद्योग उरला नाही. ऑक्टोबरचा महिना, रोजचं धुकं. रंग वाळायचं नाव घेईना. तरी माणसं शिड्या घेऊन आली. समोरची बाजू पिवळी होत आली तेव्हा लॉर्नने शिडीवरून विचारलं, "फोटो समोरूनच आहे ना? मग बाजूच्या भिंतींना कशाला रंग फासायचा?" ते सगळ्यांना पटलं. म्हणजे घर समोरून पिवळं आणि कोपरा वळलात की लाल. बोट किनाऱ्याकडून पांढरी, समुद्राकडून हिरवी. खाडीत शिरणाऱ्या एका होडीवाल्याने जाताना एक आणि येताना दुसरीच बोट बघितली आणि तो चौकशीला धक्क्यावर आला, असं म्हणतात.

ॲडमिरलच्या पांढऱ्या पायाला बुटाचं काळं पॉलिश लावलं. त्यामुळे तो बिस्किटसारखा दिसायला लागला हे खरं, पण घरभर एकाच पायाचे ठसे उमटायला लागले. व्हर्ना फडकं घेऊन त्याच्या मागे फिरायची आणि गार्नेटच्या नावाने बोटं मोडायची. फोटोतले, पण चर्चला जुन्या सामानात देऊन टाकलेले लाल चौकड्यांचे पडदे तिने पाद्रीणबाईंच्या खिडकीवरून उतरवून आणले, ते मात्र मुकाट्याने. आणि एका सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर आली, तर केस कोळशासारखे काळे.

"तुझा तर विरोध होता," गार्नेट म्हणाला.

"मुलीने आजीला ओळखायला नको?" व्हर्ना म्हणाली आणि चुलीकडे वळली.

मिशीचा प्रश्न राहिला. उरलेल्या दिवसांत गार्नेटच्या ओठावर उगवलं ते अगदीच केविलवाणं होतं. शेवटी व्हर्नाने ॲडमिरलच्या शेपटीचे केस कापले, नाताळच्या नाटकाच्या पेटीतला गोंद काढला आणि झुपका चिकटवून दिला. दिसायला झकास. फक्त ॲडमिरलला त्यात आपलं काहीतरी आहे असा दाट संशय होता, आणि गार्नेट खाली बसला रे बसला की तो येऊन त्याचं तोंड हुंगत राहायचा.

शेवटी तो दिवस उजाडला. गाडी अंगणात थांबली. शॉना उतरली आणि पिवळ्या घराकडे बघून जागच्या जागी थिजली.

"बाबा, घर—"

"चूप," गार्नेट मिशीआडून म्हणाला.

यिसेल अल्बम उघडून उभी राहिली. पान बघितलं, घर बघितलं. पान उलटलं, कुत्रा बघितला. मग बोट, आजी, पडदे. सगळ्यात शेवटी तिने गार्नेटकडे बघितलं आणि बराच वेळ बघितलं. गार्नेटने श्वास रोखून धरला. श्वास सोडला तर मिशी उडेल अशी त्याला धास्ती होती. तिने अल्बम मिटला. पैकीच्या पैकी, असं त्याला वाटलं, आणि त्याची छाती फुगली.

पण मुलगी घरात आली आणि दाराजवळच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. कोट काढेना. हात मागे बांधलेले. ट्रेव्हरने खुर्ची ओढली, बसेना. व्हर्नाने गुळाच्या काकवीचा गरम केक पुढे केला, घेईना. ॲडमिरल येऊन तिच्या पायाशी लोळला. तिची बोटं जरा हलली, पण तिने ती पुन्हा मागे लपवली. एवढं सगळं तंतोतंत करूनही कुठे माशी शिंकली, हे गार्नेटला कळेना.

मग यिसेलने हळूच काहीतरी विचारलं. शॉनाला तिची भाषा आता बऱ्यापैकी समजायला लागली होती.

"विचारतेय, पाहुणे कधी येणार?"

"कुठले पाहुणे?" व्हर्ना म्हणाली. "कुणी येणार नाहीत."

यिसेल भिंतीकडे बोट दाखवून बोलत राहिली. शॉना सांगता सांगता मध्येच थांबत होती. "म्हणतेय, रंगाचा वास येतोय. बालगृहात तपासणीला माणसं यायची ना, त्याच्या आधी असाच वास यायचा. नवे पडदे लावायचे, कपाटातली खेळणी बाहेर मांडायचे, सगळ्यांचे केस चापूनचोपून बसवायचे. तेव्हा असं भिंतीला लागून उभं राहायचं आणि कशाला हात लावायचा नाही. पाहुणे गेले की सगळं परत कपाटात जायचं."

शॉना थांबली. यिसेलने आणखी एक प्रश्न विचारला होता.

"सांग ना," गार्नेट म्हणाला.

"विचारतेय, हे सगळं परत नेतील, तेव्हा मलाही नेणार का?"

इतके दिवस गार्नेटने या पोरीसाठी राबून राबून नेमकं तेच उभं केलं होतं, ज्याची तिला सगळ्यात जास्त भीती होती. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने ओठावर हात नेला आणि मिशी ओढली. गोंद चांगला होता. डोळ्यांत पाणी आलं ते गोंदामुळेच, असं तो अजून सांगतो.

यिसेलचे डोळे विस्फारले.

"सांग तिला," गार्नेट म्हणाला, "ही मिशी कुत्र्याची आहे. आणि कुत्रा शेजाऱ्याचा आहे. आमचा बिस्किट गेला, आणि मला ते सांगवलं नाही. पाहुणे कुणी नाहीत. हे सगळं मी तिच्यासाठी केलं, आणि चुकलंच माझं."

शॉनाने सांगितलं. यिसेलने भिंतीपासून एक पाऊल पुढे टाकलं आणि व्हर्नाच्या केसांकडे बोट केलं.

"रंगवलेले," व्हर्ना म्हणाली. "पण खालचं डोकं माझं."

पडदे? पाद्रीणबाईंचे. ती बोट? शेजाऱ्याची, आणि पलीकडून हिरवी. हे ऐकल्यावर तर ती बाहेरच धावली. घराच्या कोपऱ्यावर उभी राहून तिने डावीकडे बघितलं, पिवळं. उजवीकडे बघितलं, लाल. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. आणि मग ती हसली. छोटंसं नाही, चांगलं खदखदून. आणि आत येऊन, कोट फेकून, केकचा सगळ्यात मोठा तुकडा तिने उचलला.

दुसऱ्या दिवशी उसनं सगळं परत करायला ती स्वतः निघाली. आधी पडदे. मग लॉर्नच्या दारात जाऊन तिने ॲडमिरलचा पट्टा त्याच्या हातात दिला, अगदी गंभीरपणे. पण दुसऱ्या हातात गार्नेटचं बोट होतं, ते काही सोडलं नाही. त्यांच्यासोबत शॉनाही होती.

लॉर्नला चेष्टा केल्याशिवाय राहवतंय थोडंच? "आणि हा म्हातारा?" तो म्हणाला. "हाही इथेच ठेवून जातेस का? जुनाच माल आहे म्हणा."

शॉनाने प्रश्न तिच्या भाषेत सांगितला. यिसेलने मान वर करून गार्नेटला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. नव्या गुडघ्यावर एक टिचकी मारून बघितली. त्याच्या बोटावरची मूठ आणखी घट्ट केली आणि मग काहीतरी उत्तर दिलं. शॉना तोंडावर हात ठेवून हसायला लागली.

गार्नेटचा ऊर भरून आला. "काय म्हणतेय? सांग की. माझा आजोबा आहे, असंच म्हणाली ना?"

"नाही," शॉना म्हणाली. "थोडे दिवस ठेवून बघू, म्हणतेय."