बिनहाताची नक्कल

शिल्पकारानं मूर्तीवरचं कापड ओढलं आणि सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"अगंबाई! माझ्या लेकीचे हात कुठायत?"

संग्रहालयातल्या हात तुटलेल्या पुरातन देवीची ती हुबेहूब नक्कल होती. चेहरा तेवढा आजचा, म्हणजे बायकोचा. जुन्याची नक्कल करायची आणि वर तिला नवी मांडणी म्हणायचं, अशी कलाक्षेत्राची रीतच आहे. याच नकलेच्या जोरावर त्याला प्रदर्शनात पहिल्यांदा जागा मिळाली होती.

"आई, मूळ मूर्तीलाच हात नाहीत," शिल्पकार म्हणाला.

"तिच्या आईला चालत असेल. मला नाही चालायचं!"

"दिवसभर राबतात ते माझे हात," बायको म्हणाली, "आणि नेमके तेच गाळलेत!"

शेवटी शिल्पकारानं दोघींपुढे हात जोडले आणि मग मूर्तीलाही जोडले. "तकलादू नकोत हं, जावईबापू," म्हणून सासूबाईंनी आत लोखंडी सळई घालायला लावली.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाचे संयोजक आले. त्यांनी मूर्तीभोवती दोन चकरा मारल्या.

"बाई छान आहे. पण नक्कल कशाची? हात काढा, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो."

दुपारी सासूबाई घोरायला लागल्यावर शिल्पकार करवत घेऊन स्टुलावर चढला. स्टूल डगमगलं, त्यानं मूर्तीचा हात धरला, गुळगुळीत प्लास्टरवरून तो सटकला आणि पुढे केलेल्या स्वतःच्या दोन्ही हातांवर आपटला. मूर्तीच्या हाताला तडासुद्धा गेला नाही. याचे मात्र दोन्ही मोडले. दवाखान्यात, "प्लास्टरमध्ये पाणी जास्त झालंय," असं त्यानं डॉक्टरांनाही ऐकवलं.

उद्घाटनाला शर्ट चढेना. बायकोनं हातांसकट त्याला पांढऱ्या चादरीत गुंडाळलं आणि मूर्तीशेजारी नेऊन उभं केलं. संयोजक तणतणतच आले, पण याला पाहून थबकले.

"वा! आता कळलं कशाची नक्कल ते! इथून हलायचं नाही. प्रदर्शन संपेपर्यंत."

जागा वाचली म्हणून शिल्पकाराला आनंद झाला. तेवढ्यात नाक खाजायला लागलं.

"अगं, जरा नाक..."

"गप्प! मूर्ती बोलत नसतात," म्हणत बायकोनं हळूच नाक खाजवून दिलं. त्या घडीला तिचे हात त्याला जगातल्या सगळ्या शिल्पांहून सुंदर वाटले.

सासूबाईंनी जावयाला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं.

"हेही झालंय छान," त्या म्हणाल्या. "फक्त हात हवे होते."