साठ पेट्या टाइल्स

"पाच दिवस! रविवारी सकाळी तू नव्या बाथरूममध्ये आंघोळ करशील!" हरिदास मेश्रामांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

सांगणारच! तीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात अंदाजपत्रकं करून ते नुकतेच रिटायर झाले होते. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर रविवारी रिकामं करायचं होतं आणि मयूर विहारच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये फक्त बाथरूमच्या टाइल्स राहिल्या होत्या.

खात्याचं सूत्र त्यांना तोंडपाठ होतं. लागेल त्याच्या चौपट मागायचं. एक साहेब त्याचं अर्धं करतो, वरचा साहेब उरलेल्याचं अर्धं करतो, आणि आपल्याला हवं तेवढं बरोब्बर मिळतं! पंधरा पेट्या आणि दोन मिस्त्री लागणार होते. हरिदासांच्या हातून सवयीनं लिहिलं गेलं: साठ पेट्या, आठ मिस्त्री.

पण दिवस उदारीकरणाचे होते. नोएडातल्या नव्या दुकानदाराच्या वर साहेबच नव्हता!

"बिल्कुल, सर! कल सुबह पहुँच जाएगा," तो म्हणाला आणि खरंच पोहोचवलं. सगळंच्या सगळं!

हॉल पेट्यांनी छतापर्यंत भरला. बाथरूममध्ये दोन मिस्त्री कसेबसे मावले, बाकीचे सहा पेट्यांवर बसून पत्ते खेळू लागले.

"अहो, रविवारी आपण राहायचं कुठे? या पेट्यांवर?" कौशल्याबाई कडाडल्या.

हरिदास दुकानात धावले. "बिका हुआ माल वापस नहीं होता, सर!" मग पेट्या जिन्यात ठेवायला गेले, तर सोसायटीचा सेक्रेटरी आडवा आला. "मेश्रामजी, सीढ़ी में एक डिब्बा नहीं चलेगा!"

शुक्रवार उजाडला. तीस वर्षांत एक मुदत चुकली नव्हती आणि आता स्वतःच्याच घराला उशीर?

"लगा दो!" ते ओरडले.

"कहाँ, साहब?"

"जहाँ दीवार दिखे, वहाँ!"

आठही मिस्त्री तुटून पडले. स्वयंपाकघर, बेडरूम, हॉल, सगळीकडे खांद्याच्या उंचीपर्यंत पांढऱ्याशुभ्र टाइल्स चढल्या. शनिवारी रात्री शेवटची पेटी संपली, रविवारी सकाळी सामान आलं. अगदी वेळेवर! हरिदास दिवसभर तोऱ्यात होते.

संध्याकाळी क्वार्टरच्या जुन्या शेजारीण वैजयंतीबाई घर बघायला आल्या. दारात चपला काढून त्या हॉलमध्ये शिरल्या, चारी भिंती कौतुकानं न्याहाळल्या आणि साडी घोट्याच्या वर उचलून धरत म्हणाल्या,

"कौशल्या, बाथरूम मात्र ऐसपैस आहे हो! चल, आता घर दाखव!"