जंगल सहलीची रंगीत तालीम

शहरापासून एकशे वीस किलोमीटरवर एक जंगल होतं. तिथे सहकुटुंब एका मुक्कामासाठी जावं, असा ठराव एका रविवारी सकाळी चहाच्या टेबलावर तीन विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. ठराव लेकीचा होता. तिला शिकायला परगावी वसतिगृहात जायचं होतं आणि जायला तेवीस दिवस उरले होते. "मी जायच्या आत एकदा तिघं कुठेतरी जाऊ या ना," एवढंच ती म्हणाली. आईने उठून ओटा पुसायला घेतला. तो मघाशीच पुसून झाला होता.

वडील रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते; तिथे सगळे त्यांना साहेब म्हणत. कारखान्यात बावीस वर्षांत आग लागली नव्हती, पण लागलीच तर काय करायचं याच्या कवायती शहाऐंशी वेळा झाल्या होत्या. मधे एकदा कचऱ्याच्या टोपलीने पेट घेतला, तर शिपायाने तांब्याभर पाणी ओतून ती विझवून टाकली. भोंगा वाजण्यापूर्वी परस्पर आग विझवल्याबद्दल साहेबांनी त्याला लेखी समज दिली. दुधाने तोंड पोळलेली माणसं ताक फुंकून पितात म्हणे. साहेबांचं तोंड कधीच कशाने पोळलं नव्हतं, तरी ते पाणीसुद्धा फुंकून पीत. असा माणूस बायको-मुलीला घेऊन उठून थेट जंगलात कसा जाईल?

"आधी रंगीत तालीम घेऊ," ते म्हणाले.

"कसली?" बायकोने विचारलं.

"सहलीची. खाली पार्किंगमध्ये."

पहिल्या शनिवारी सकाळी सहा वाजता तिघं सामानासह गाडीत बसले. गाडी बंद होती. साहेब दोन्ही हात चाकावर ठेवून दर काही मिनिटांनी मोठ्याने सांगत होते, "किलोमीटर सत्तावीस. टोलनाका." मग, "घाट लागला. तीव्र वळण." बायको मुकाट्याने डावीकडे झुकली.

"वळण डावीकडे आहे. आपण उजवीकडे झुकतो," साहेब म्हणाले.

"अहो, मी घाटात नेहमी डोळे मिटून बसते. मला काय माहीत कोण कुठे झुकतं!"

लेकीला हसू आवरेना. पाऊण तासाने तिला वर घरी जायची गरज पडली. या टप्प्यात तशी सोय नाही, असं वडिलांनी बजावलं. तरी ती दार उघडून गेली आणि पाच मिनिटांत लिफ्टने परत आली. अहवालात नोंद झाली : "एका प्रवाशाने घाटात चालत्या गाडीतून उडी घेतली. सुदैवाने प्रवासी सुखरूप." एकूण त्रुटी अकरा. तालीम नापास.

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत," बायको पिशव्या उचलत म्हणाली, "आपली तर तिथपर्यंतही नाही."

दुसऱ्या शनिवारी मुक्कामाचा सराव होता. गाडी बाहेर काढून त्या जागेत तंबू लावला. इमारतीचे सेक्रेटरी धावत आले. तंबू हे तात्पुरतं बांधकाम ठरतं की कायमस्वरूपी, हा त्यांचा प्रश्न होता. बायकोने कपाळावर हात मारून घेतला. साहेबांना मात्र आपल्या जातकुळीचा माणूस भेटल्याचा आनंद झाला. दोघांनी उभ्या उभ्या ना हरकत पत्राचा मसुदा केला. तेवढ्यात इमारतीतली मांजर तंबूत शिरली.

"वन्य प्राणी!" साहेब कुजबुजले. "सूचना क्रमांक नऊ. कुणीही हलायचं नाही."

तिघं होती तिथे दगडासारखी थिजली. सेक्रेटरीही त्या क्षेत्रात हजर असल्याने सूचना त्यांनाही लागू होती. मांजरीने चारही सँडविचं संपवली, सेक्रेटरींच्या बुटावर डोकं ठेवून डुलकी काढली आणि वीस मिनिटांनी ती निघून गेली. मनुष्यहानी शून्य, म्हणून तालीम अंशतः यशस्वी ठरली. संध्याकाळपर्यंत चार कुटुंबांनी पुढच्या तालमीसाठी नावं दिली. चौथ्या मजल्यावरचे शेजारी मात्र कुणालाही न विचारता खरंच जंगलात जाऊन आले. छान झाली म्हणाले सहल. "अहवाल कुठे आहे?" साहेबांनी विचारलं. अहवाल नव्हता. ती सहल झालीच नाही, असं साहेबांचं मत पडलं.

तिसऱ्या शनिवारी एकही त्रुटी निघाली नाही. वळणावर बायको उजवीकडे झुकली आणि लेक शेवटपर्यंत गाडीतून उतरली नाही. साहेबांचे डोळे भरून आले.

"झालं ना आता?" बायको म्हणाली. "मग उद्या निघू या."

लेक म्हणाली, "बाबा, उद्या मला सामान भरायचंय. मंगळवारी जायचंय ना मला."

तेवीस दिवसांतले वीस तालमीत गेले होते. साहेब हिशेबाला पक्के, पण हा आकडा त्यांनी कुठल्याच रकान्यात घेतला नव्हता.

मंगळवारी ते तिला सोडायला निघाले. रस्ता त्याच जंगलातून जात होता. "बाबा, दहा मिनिटं थांबू या?" लेकीने विचारलं. "बाराच्या आत हजर व्हायचंय. आणि आजची फेरी सोडण्याची आहे, सहलीची नाही," बाबा म्हणाले. जंगल चौदा मिनिटांत संपलं. लेक मान वळवून मागच्या काचेतून बघत राहिली.

येताना मागची सीट रिकामी होती. झाडी सुरू झाली तशी बायको म्हणाली, "थांबवा गाडी."

"अगं, पण..."

"थांबवा म्हणते ना!"

त्यांनी गाडी कडेला घेतली. दोघं उतरली. उंच झाडं, पायाखाली पाचोळा आणि कुठेतरी एक पक्षी एकसारखा ओरडत होता. बाकी काही नाही.

"यात अवघड काय होतं हो?" बायकोने विचारलं.

साहेबांनी पायाने पाचोळा थोडा बाजूला सारला. मग म्हणाले, "सहल झाली की ती जाणार होती. तालीम चालू होती तोवर घरात होती."

"तालमीने थांबली का ती?"

बायकोने त्यांचा हात धरला आणि दोघं तशीच उभी राहिली.

काय वेडा माणूस, असं तुम्ही म्हणाल. जरूर म्हणा. फक्त त्याआधी एक करा. "एकदा निवांत जाऊ" म्हणून तुम्ही कित्येक वर्षं राखून ठेवलेली ती जागा घरापासून किती लांब आहे ते आठवा. आणि ज्यांच्याबरोबर जायचं ठरलं होतं, त्यातले किती जण अजून तुमच्या घरात राहतात, तेही एकदा मोजा.