क्लाउडचा वेगळा पेपर

सतीश बनसोडे सर्व्हर सांभाळण्याच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाला, तेही तीन गुणांनी. सर्व्हर बसवणं, बिघडलेला चालू करणं, बॅकअप घेणं, यांत त्याचं जवळजवळ सगळं बरोबर होतं. क्लाउडवरच्या पंधरा प्रश्नांतले मात्र दोनच बरोबर आले होते, आणि त्यातला एक अंदाजाने.

सोलापूरच्या एका सूतगिरणीत तो चौदा वर्षं सर्व्हरची खोली सांभाळत होता. करार अकरा महिन्यांचा, दर वेळी वाढवून मिळायचा. यंदा मॅनेजर बापूसाहेबांनी बोलावून सांगितलं होतं, "सतीशराव, मार्चपतुर सर्टिफिकेट आणा. न्हायतर करार वाढवता येणार न्हाय. वरूनच आलंय तसं."

निकालाच्या पानाखाली 'आपल्या सूचना' असा रकाना होता. सतीशने तिथे मनातलं सगळं लिहिलं. आमच्या सर्व्हरला हात लावून बघता येतो, क्लाउडचं यंत्र कुठे ठेवलंय ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. ते या परीक्षेत कशाला? आणि एवढा मोठा विषय पंधरा प्रश्नांत कोंबून माणसं नापास का करता? लिहून त्याला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं गुरुवारपर्यंत टिकलं.

गुरुवारी परीक्षा मंडळाचे सचिव गुरप्पा सर यांचा फोन आला. "बनसोडे, त्या रकान्यात आजवर कुणी एक अक्षर लिवलं नव्हतं. तुमी पहिले. शनिवारी अभ्यासक्रमाची बैठक हाय. या की."

भवानी पेठेतल्या मंडळाच्या कार्यालयात सतीशला शाल आणि नारळ मिळाला. फोटो निघाला. मग पुण्याच्या एक मॅडम पडद्यावरून बोलू लागल्या. "आता कंपन्या सर्व्हर विकत घेत नाहीत, क्लाउडवर भाड्याने घेतात. परीक्षेत ते नसेल, तर पास झालेल्यांना घेणार कोण?"

"मॅडम, आमच्याकडं नेट दिवसातनं चारदा जातं," सतीश म्हणाला. "तेवढ्यात क्लाउडला काय विचारायचं? खोलीतला सर्व्हर तेवढा चालू ऱ्हातो. आणि तो विषयच येगळा हाय. लई मोठा हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आपलं म्हणणं पटलं, असं सतीशला वाटलं. पटलंच होतं. गुरप्पा सरांनी तिथल्या तिथे ठराव मांडला, की विषय वेगळा आणि मोठा असल्यामुळे क्लाउडचा स्वतंत्र पन्नास प्रश्नांचा पेपर असावा आणि सर्टिफिकेटासाठी दोन्ही पेपर पास व्हावेत. मॅडमनी पडद्यावरून हात वर केला.

बैठक संपल्यावर सरांनी त्याला आतल्या खोलीत नेलं. "पंधरा प्रश्नांत काय राहून जातं ते तुमालाच कळलं. मग पेपरबी तुमीच काढा." शाल अजून खांद्यावर होती. अशा वेळी नाही कसं म्हणायचं? सतीशने गोपनीयतेच्या कागदावर सही केली आणि मग तो वाचला. पेपर काढणाऱ्याने ही गोष्ट कुणालाही, घरच्यांनाही सांगायची नव्हती. आणि तीन वर्षं त्याला ही परीक्षा देता येणार नव्हती.

"सर, मी राजीनामा देतो."

"द्या की. पण सही झाली. तीन वर्षं ऱ्हातातच."

पेपर काढायचा म्हणून सतीश पहाटे उठून क्लाउडची पुस्तकं वाचू लागला. त्याची बायको पूनम चहा आणून ठेवायची आणि शेजारणीला सांगायची, "यंदा हे सोडत न्हाईत." ते ऐकून तो चहा तसाच ठेवून पुढचं पान उलटायचा. फेब्रुवारीपर्यंत त्याला क्लाउड इतका कळला, की परीक्षेला बसला असता तर नव्वदच्या वर गुण मिळाले असते. त्याने पन्नास प्रश्न लिहिले, पाकीट बंद करून दिलं आणि परीक्षेच्या दिवशी कामावर गेला.

"तुमी हितं कसे?" बापूसाहेबांनी विचारलं.

"अभ्यास झाला न्हाय, साहेब."

बापूसाहेबांनी नोटीस बोर्डाकडे बघितलं. शाल घेतलेल्या सतीशचा फोटो त्यांनीच हौसेने तिथे लावला होता. तो काढून त्यांनी टाचण्या डबीत टाकल्या. मार्च संपला. सतीशचा करार वाढला नाही. हिशोब खात्यातला प्रदीप दोन्ही पेपर पास झाला होता, सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्याला मिळाली.

रविवारी प्रदीप पेढे घेऊन घरी आला. तो मनाने चांगला होता, त्याला अवघडल्यासारखं झालं होतं.

"दादा, तुमी बसायला पायजे होतं. पेपर सोपा होता. फक्त सतरावा प्रश्न चुकीचा होता."

सतीशने पेढा खाली ठेवला. "कसा काय?"

"चारीपैकी एकबी उत्तर बरोबर न्हाय. ज्यानं काढला त्याला क्लाउडमधलं काय बी कळत नसंल बगा."

प्रदीपने कागद घेतला आणि अभ्यास न झालेल्या वडीलधाऱ्या माणसाला सांगावं तसं, न कंटाळता, आकृती काढून तो समजावू लागला. सतीश मान हलवत होता. प्रश्न खरोखरच चुकला होता.

पूनम आतून म्हणाली, "अहो, नीट ऐकून घ्या. पुढच्या वेळंला तुमालाच कामाला येईल."