जिच्यात मालकीण जात नाही

सुधाकरभाऊ मीटर वाचायला आले की मीटरकडे नंतर बघतात, आधी माझ्या तोंडाकडे बघतात. दारातूनच विचारतात, "काहो वैनी, मांगच्या खेपेले सांगतली होती ते मालिका पाह्यली का नाई?"

नाही म्हटलं की मेलो आपण. मग ते चौकटीला टेकून अख्खी गोष्ट सांगतात. माझी शिलाई मशीन थांबते, ब्लाउजवाल्या बाया ताटकळतात. हो म्हटलं तर त्याहून कठीण. "ते आवडली ना? मंग हे तं आवडनच!" म्हणून दुसरी सुरू. मी आता मधला मार्ग काढलाय. 'अर्धी पाहिली' म्हणते अन् मीटरकडे बोट दाखवते.

मालिका जपानी, अन् त्याही भुताखेतांच्या. कोणी कार्टून म्हटलं की भाऊंचा चेहरा पडतो. "कार्टून नका म्हनू वैनी. ॲनिमे म्हना. कार्टून लेकरं पाह्यतात." डोक्यावरचे केस पिकले, लग्न झालं नाही, पोटावरचं बटण कसंबसं तग धरून, असा हा पांढुर्ण्याचा माणूस वीज खात्याच्या बदलीत सौंसरला आला अन् आमच्या गल्लीतच राहिला. मोबाईल हातात आला तसा हा नाद लागला. नादही कसा, एकाच चवीचा. प्रेमकथा नको, लढाई नको. "नोकर चिडका पाहिजे, मालकीन गूढ पाहिजे, अन् भूत इमानदार पाहिजे. एवढं असलं का बस. बाकी मंग पाऊस पडो का बर्फ."

अशा किती निघतील, असं मला वाटायचं. अगा माय! निघतच राहिल्या. एकीत न्हावी आहे. त्याच्या मालकिणीचे केस रोज नदीएवढे वाढतात, अन् हा बिचारा शिव्या देत देत कात्री चालवतो. एकीत टॅक्सीवाला आहे. मागच्या सीटवर एक बाई बसली आहे, ती आरशात दिसत नाही अन् उतरतही नाही. 'जाऊ कुठी?' असं तो पहिल्या भागापासून विचारून राहिला. एकीत चांगला शिकलेला वकील घुबडांच्या राणीकडे भांडी घासतो. वकिलाची मला खरंच दया आली, पण भाऊंपुढे बोलले नाही. बोलले असते तर भांडी घासणारे आणखी दोघेतिघे त्यांनी काढून दिले असते.

माणूस पाहून मालिका सांगायची, ही भाऊंची खासियत. संत्र्याच्या व्यापाऱ्याला वेगळी, बँकेतल्या मॅडमला वेगळी, अन् सासूशी पटत नाही त्या सुनेला तर फार विचार करून. बोरगावच्या एका पाटलांना गोष्ट सांगता सांगता त्यांनी शेजारच्या पिठाच्या चक्कीचं रीडिंग पाटलांच्या नावावर चढवलं. पाटील बिल नाचवत भांडायला आले. भाऊंनी चूक कबूल केली, चहा पाजला. पाटील निघाले, दारापर्यंत गेले, वळले अन् म्हणाले, "मंग त्या टॅक्सीवाल्याचं काय झालं?"

मोहगावला तर कमालच केली. एका घरी म्हातारे वारले, म्हणून भाऊ भेटायला गेले. सगळे मान खाली घालून बसलेले. अन् हे म्हाताऱ्यांच्या बायकोजवळ सरकून म्हणतात, "काकू, एक मालिका हाय. तिच्यात मालकीन मेलेलीच राह्यते, पन घरावर ध्यान ठेवनं काई सोडत नाई. पाहा, मन लागन." त्या घरच्यांनी ह्यांना उचलून बाहेर कसं ठेवलं नाही, देव जाणे. पण पुढचं ऐका. तेरवी झाल्यावर काकूंनी नातीच्या मोबाईलवर ती खरंच पाहिली, अन् 'सुधाकरले म्हना दुसरी सांग' असा निरोप पाठवला. आता बोला!

हे सगळं ठीक. पण अख्ख्या गल्लीला जे दिसत होतं, ते नेमकं ह्या माणसाला दिसत नव्हतं. भाऊ भाड्याने राहतात ते घर मथुराबाईंचं. भाऊ खाली, त्या वर. मथुराबाईंचं रामाकोन्याला शेत होतं, बैल होते. नवरा गेल्यावर सगळं विकून एकट्या सौंसरला आल्या. का आल्या, तिकडे कोणाशी बिनसलं, कोणालाच ठाऊक नाही. कोणाकडे जात नाहीत, जिना उतरत नाहीत. या वयातही डोळ्यांत काजळ घालतात, अन् कोणी काही विचारलं की नुसतं बघतात. विचारणारा आपोआप घरी जातो.

काम असलं की त्या जमिनीवर काठी आपटतात. म्हणजे भाऊंच्या डोक्यावर. "सुधाकर! जित्ता हायेस का रे?"

"आलो न मालकीनबाई!" भाऊ ओरडतात, अन् जिना चढता चढता गल्लीला ऐकू जाईल असे कुरकुरतात. "मी का यांचा गडी हावो? भाडेकरू हावो मी, भाडेकरू!" पंप सुरू करा, गोळ्या आणा, चष्म्याची काडी बसवा, खोलीत शिरलेलं कबुतर हाकला. ते कबुतर तर मला वाटतं मथुराबाईच बोलावत असाव्यात. भाऊ आले होते बरी खोली मिळेपर्यंत राहायला. खोली त्यांनी कधी शोधलीच नाही.

एकदा मी म्हटलंच, "भाऊ, जपान कायले पाह्यता? तुमच्याच घरी चालू हाय न."

ते खरंच विचारात पडले. मग मान हलवून म्हणाले, "नाई वैनी. मालकीनबाईत गूढ काई नाई. नुसती खडूस हाय."

या श्रावणात नागपूरहून मथुराबाईंचा पुतण्या आला. काकू, आता एकटं राहायचे दिवस नाहीत, म्हणाला. पोळ्याला गाडी घेऊन येतो, आमच्याकडे चला, हे घर विकून टाकू. मथुराबाई हो म्हणाल्या नाहीत अन् नाही म्हणाल्या नाहीत. नुसतं बघितलं. पुतण्या नागपूरचा, त्याला त्या बघण्याची सवय नाही. त्याने ते हो धरलं अन् गेला.

भाऊंनी गल्लीभर सांगितलं, "सुटलो बापा एकदाचा! आता डोक्यावर काठी नाई, का कबुतर नाई. बसस्टँडकडे खोली पाहून राहिलो." तोंडभर हसले. मीही म्हटलं, बरं झालं बापा, सुटला बिचारा. पण त्यानंतर मीटर वाचायला आले, तर मालिकेचं नावच नाही. गुपचूप रीडिंग घेतलं, पावती दिली अन् दारातच घोटाळत राहिले.

"वैनी, तुमच्या पोरीले विचारा न जरा. अशी एखादी हाय का, जिच्यात मालकीन जात नाई?"

"म्हंजे?"

"सगळ्याइत जाते न ते शेवटी." भाऊ उंबऱ्याकडे बघत होते. "धुक्यात जाते, नाई तं नदीत जाते. नोकराले म्हनते, जा, मोकळा झाला तू. अन् हा येडा मोकळा होऊन रस्त्यात उभा राह्यते. मंग गानं वाजते अन् संपते. मले वाटे, काय भारी शेवट हाय! आता पाहाले बसलो तं पाहवत नाई."

एवढा थोराड माणूस, अन् लेकरासारखं तोंड करून उभा. मी म्हटलं, "भाऊ, मंग मथुराबाईले सांगा न, जाऊ नका म्हून."

"मी कोन सांगनारा?" ते एकदम उसळले. "रक्ताचा पुतन्या हाय तो. म्हातारपनी आपल्या मानसात गेलेलं बरं. मी मंधात कायले बोलू?" अन् तरातरा निघून गेले. पावतीचं पुस्तक माझ्याच मशीनवर राहिलं.

माझ्या पोरीने मोबाईल पालथा घातला, एकही निघाली नाही. भाऊंनी मग बँकेतल्या मॅडमला विचारलं, पाटलांना विचारलं, मोहगावच्या काकूंनाही विचारलं. इतकी वर्षं ज्यांच्या गळ्यात मालिका घातल्या, त्यांच्याच दारोदार आता एक मालिका मागत फिरत होते. सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मथुराबाईंनी वरून हाक मारली. भाऊंना नाही, मला! "थोडसं लोनी हाय का वं बाई? अन् चिमूटभर हळद आन." मी वाटी घेऊन लगबगीने गेले, तर म्हातारी जिना उतरून राहिली होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पळसाची पानं. खाली ओसरीवर भाऊ नव्या खोलीवर न्यायला भांडी गोणीत भरत होते. म्हातारीला जिन्यावर पाहून भाऊंच्या हातची कढईच सुटली.

"मालकीनबाई! पडसान न! काठी आपटाची होती, मी आलो असतो."

"शर्ट काढ."

"कायले?"

"काढ म्हनलं न."

आमच्याकडे शेतकऱ्याच्या घरी त्या संध्याकाळी बैलाची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टा पडतो. त्याला पळसाच्या पानाने हळद-लोणी चोळतात, अन् दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन, म्हणजे आमंत्रण, बैलाला देतात. तेवढ्यापुरता मालक बैलापुढे वाकतो. मथुराबाईंच्या दारातून बैल गेल्याला कित्येक वर्षं झाली होती.

भाऊ बनियनवर उभे राहिले. मीटरवाल्या झोळ्याच्या पट्ट्याने त्यांच्या उजव्या खांद्यावर काळा घट्टा पडला आहे, तो मी आजवर पाहिला नव्हता. मथुराबाईंनी काठीनेच खूण करून त्यांना खाली बसवलं. वाटीत पान बुडवलं अन् तो घट्टा चोळायला लागल्या. खूप वेळ चोळला. मग भाऊंच्या कानाशी वाकल्या.

"आज आवतन घे. उद्या जेवाले ये."

भाऊंनी गोणीकडे पाहिलं. "उद्या तं गाडी येते न मालकीनबाई. नागपूरची."

"येऊ दे. त्यालेबी पुरनपोळी घालू अन् देऊ वापस धाडून." मथुराबाई चोळायच्या थांबल्या. "बैल दावनीले ठेवून कोनी गाव सोडते का रे?"

मी तोंड फिरवलं. माझेच डोळे भरून आले होते, भाऊंकडे काय बघणार? ते तसेच बसून राहिले, गोणीशेजारी, मांडीवर हात ठेवून, अन् नाकावरून पाणी ओघळतंय ते पुसायचंही भान नव्हतं. म्हातारीने पदराला हात पुसले, काठी घेतली अन् जिन्याकडे वळली. तशी भाऊंनी मान वर केली.

"माय," ते म्हणाले, "दुसरा खांदा राह्यला न."