डोंगल लिनक्सगडीं रुजू जाहला त्याची हकीकत

श्रीलक्ष्मी प्रसन्न असो. मागील प्रसंग पुढिलांस ठाऊक असावा, म्हणोन डोळां देखिलें तितकेंच लिहितों, पदरचें घालीत नाही. शके एकोणीसशें पस्तीस, विजयनाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य द्वितीया, गुरुवार, ते दिवशीं तिसऱ्या मजल्यावरील राज्यांत अरिष्ट ओढवलें. रस्ता खणितां इमारतीची नेटाची तार तुटली, आणि राणीसाहेब वृंदाबाई यांची संगणक-देखरेखीचे नोकरीची मुलाखत त्याच दिवशीं अकरा वाजतां लॅपटॉपावर होणार होती. बाळराजे जन्मल्यावर बाईंनी चाकरी सोडिली, त्यास दीड वर्ष लोटलें होतें. मुलाखतीची पहिली तारीख बाळराजियांचे तापांत गेली, दुसरी कंपनीने मेहेरबानीने दिली, आणि तिसरी मिळणार नाही असें स्वच्छ कळविलें.

मग राजे निरंजनराव यांनी मित्राकडून सिमवर नेट देणारा डोंगल आणोन लॅपटॉपास खोंचिला. लॅपटॉपावर लिनक्स नामें सिस्टीम, ती बाईंनी स्वहस्तें घातलेली, आणि तेथील पहारा असा कडक की पासवर्ड पुसल्याविना कोणाचें पाऊल आंत पडत नसे. पहाऱ्याने डोंगल पाहिला आणि त्यास सीडी समजोन कोठारांत बसविलें. कारण त्याचे पोटीं दुसऱ्या सिस्टीमीचें सामान भरोन दिलें होतें, तेंच तो आधी दाखवी, आणि नेट देण्याचें आपलें खरें काम सांगेचना. रावांनी तो उपटोन दुसऱ्या भोकांत घातला, तेथेंही सीडी. मग तिसऱ्यांत घातला, तेथेंही सीडीच.

"तरी म्हणत होतो, जुनी सिस्टीम राहू दे," राव म्हणाले.

"ती सुरू होईपर्यंत बाळाची मुंज झाली असती," बाई म्हणाल्या. त्यांचा एक डोळा घड्याळावर आणि एक पाळण्यावर होता. "याचं सोंग उतरवणारं सॉफ्टवेअर असतं, मला माहीत आहे."

"मग टाक की."

"ते नेटवरून आणावं लागतं, अहो."

रावांनी पुनः डोंगल उपटावयास हात घातला. रावांच्या मातुश्री कुमुदिनीबाई गुरुवारचे व्रताचा घट मांडीत होत्या, त्यांस तें पाहवेना.

"निरंजन, अरे, उपटतोस काय सारखा? मांडलेला घट असा ओढून उचलतात का? आधी अक्षता टाकाव्या, पुन्हा या म्हणून निरोप द्यावा, मग हलवावं."

"आई, हे यंत्र आहे."

"मग तर मुळीच ओढू नये. देव निदान सांभाळून घेतो."

हें ऐकोन बाई थबकल्या. डोंगल दोन वेळां ओढोन काढिला, परंतु सीडीस निघण्याची आज्ञा एकवारही दिधली नव्हती. आणि कॉलेजांत ऐकिलेलें त्यांस स्मरलें, की कित्येक डोंगल सीडीस निरोप मिळतांच सोंग टाकितात. मग रावांस "हात काढा" म्हणोन, डोंगल जागचा न हलवितां, बाईंनी आज्ञांची काळी खिडकी उघडिली आणि 'इजेक्ट' हा एकच शब्द लिहिला. सीडी दिसेनाशी जाहली.

"गेला. होता तोही गेला," राव म्हणाले.

"थांबा. वीस आकडे मोजा."

राव चौदापर्यंत आले, आणि डोंगलाचा हिरवा दिवा निळा जाहला, आणि लिनक्साने त्यास नेट देणारा मोडेम म्हणोन ओळखिलें. मग बाईंनी देश निवडिला, सिमची कंपनी निवडिली, आणि अकरास चार मिनिटें उणीं असतां नेट गडांत आलें.

मुलाखतीस समोर दोघे साहेब. अर्ध्यांत बाळराजे जागे होऊन गर्जले, आणि मातुश्रींनी त्यांस उचलोन स्वयंपाकघराकडे कूच केलें. बाईंची मान किंचित तिकडे वळली, आणि मग फिरोन समोर आली. शेवटीं दोघांतील थोरल्या साहेबांनी पुसिलें, "एखादा बिघाड तुम्ही स्वतः कसा सोडवलात, ते सांगा."

"केव्हाचा सांगू?"

"अलीकडचा सांगा."

"चाळीस मिनिटांपूर्वीचा चालेल?"

साहेबांनी लेखणी खालीं ठेविली आणि खुर्ची पुढे ओढिली.

सारांश, पहारा चोख होता आणि पाहुणाही खोटा नव्हता. दोघांची ओळख करून देणारें माणूस घरांत होतें, म्हणोन कार्य फत्ते पावलें. पौषमासीं वृंदाबाई चाकरीवर रुजू जाहल्या. जाणिजे.